तिच्या वाट्याची साखर

सिगारेट सोडल्याबद्दल माझं जेवढं कौतुक झालं, तेवढं मॅट्रिक पास झालो तेव्हासुद्धा झालं नव्हतं. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत बायका आपापल्या नवऱ्यांना माझं उदाहरण द्यायच्या. कचेरीत साहेब नव्या लागलेल्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, ‘मनाचा निग्रह असावा तर असा.’ त्या निग्रहाची हकीकत मलाच सांगायला हवी. दुसरं कोणी सांगणार नाही, आणि सांगितली तर कोणाला खरी वाटणार नाही.

मी सरकारी कचेरीत कारकून होतो. काटकुळा, बावन्न किलोचा. दिवसाला बिनफिल्टरच्या सिगारेटची दोन पाकिटं लागायची. चहाआधी एक, चहानंतर एक, फाइल उघडताना एक, फाइल सापडली नाही की दोन. सकाळी उठल्यावर आधी दहा मिनिटं खोकला, मग तोंड धुणं. शेजारचे म्हणायचे, तुमच्या खोकल्यावर आम्ही घड्याळ लावतो. सोडायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. दर पाडव्याला सोडायचो आणि रामनवमीच्या आत पुन्हा धरायचो.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या चैत्रात आम्ही वणीच्या गडावर गेलो. मी, बायको आणि अकरा वर्षांची मुलगी. निम्म्या पायऱ्यांवर माझा भाता वाजायला लागला. मी कडेला बसलो आणि बसल्या बसल्या सिगारेट पेटवली. बायकोनं एकदा बघितलं. मुलीचा हात धरून वर गेली. तासाभरानं उतरली तेव्हा कपाळभर कुंकू होतं आणि चेहरा असा शांत, की मलाच धास्ती वाटली.

‘काय मागितलंस एवढं?’ मी विचारलं.

‘मागितलं आणि सोडलंही,’ ती म्हणाली. ‘ह्यांची सिगारेट सुटू दे, मी जन्मभर गोड खाणार नाही, असं बोलले.’

मला राग आला. लोक खण-नारळ बोलतात, पुरणाचा नैवेद्य बोलतात. हिनं हे काय करून ठेवलं! शिवाय तिच्याइतकं गोडाचं वेड मी दुसऱ्या कोणात पाहिलेलं नव्हतं. तिचं माहेर निफाडकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. लहानपणी गुऱ्हाळावर गरम गूळ उसाच्या कांडीला लावून खाल्लेली पोर. लग्नात मी तिला जिलबीचा घास भरवला तेव्हा तिनं आणखी एक मागितली होती आणि सगळी पंगत हसली होती. ती बाई आता जन्मभर गोड खाणार नव्हती, आणि कशासाठी, तर माझ्या छातीसाठी. ‘मला न विचारता कशाला बोललीस?’ असं मी खेकसलो. ती म्हणाली, ‘तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.’

उरलेलं पाकीट मी खाली स्टँडवरच्या टपरीत दिलं. टपरीवाला म्हणाला, ‘लय कडक लागली का? दुसरी दिऊ?’

तर अशी माझी सिगारेट सुटली. निग्रहानं वगैरे नाही. लाजेनं.

ज्यानं सोडली नाही त्याला कळणार नाही, पण पहिले पंधरा दिवस माणूस माणसात नसतो. हात सारखा शर्टाच्या खिशाकडे जायचा. जेवण झालं तरी झालंसं वाटायचं नाही, कोणीतरी मध्येच पानावरून उठवल्यासारखं व्हायचं. कचेरीत एका म्हाताऱ्या पेन्शनरावर मी त्याच्या दाखल्यावरून असा ओरडलो की हेडक्लार्कनं मला घरी पाठवलं. त्यानंच सुचवलं, खिशात खडीसाखर ठेव, तल्लफ आली की एक खडा तोंडात टाक. देव त्याचं भलं करो, त्यानं चांगल्या मनानंच सांगितलं होतं.

मी एक खडा टाकला. जीव थाऱ्यावर आला. मग दुसरा टाकला.

महिन्याभरात खिशात खडीसाखर, टेबलाच्या खणात लिमलेटच्या गोळ्या, सायकलच्या पिशवीत श्रीखंडाच्या वड्या. चहात दोन चमचे साखर घ्यायचो ती चार झाली. खुंटीवरच्या शर्टाला मुंग्या लागायच्या. बायको रोज सकाळी शर्ट गॅलरीत झटकायची आणि मुंग्या निघून जाईपर्यंत उन्हात धरून उभी राहायची. कधी कुरकुरली नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, ‘ह्यांच्या खिशात आता मुंग्या होतात बघा.’

तेव्हा साखर रेशनवर मिळायची. कार्डावर माणशी ठरलेली. माझी लाज कुठवर गेली होती ते सांगतो. दुसऱ्या का तिसऱ्या महिन्यात साखर पंधरवड्यातच संपत आली, तेव्हा मीच म्हणालो, ‘तू तर खात नाहीस. तुझ्या वाट्याची आहेच की.’ ती म्हणाली, ‘आहेच की.’ तिचा चहा बिनसाखरेचा. तो पिताना पहिले काही दिवस तिचं तोंड वाकडं व्हायचं. पुढे व्हायचं बंद झालं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, ती बायजी म्हणजे मी.

आणखी एक सांगायला हवं. गोड करायचं तिनं थांबवलं नव्हतं. सणवार होते, मुलगी होती, आणि मुख्य म्हणजे मी होतो. शिरा, लापशी, बेसनाचे लाडू सगळं व्हायचं, पण चव तिला बघता यायची नाही. मग ती चमच्यावर घेऊन माझ्यापुढे धरायची. ‘बघा, झालंय का बरोबर?’

मी डोळे मिटून चाखायचो आणि म्हणायचो, ‘जरा कमी आहे.’

दर वेळी. ती मुकाट्यानं आणखी घालायची. मुलगी एकदा ताट सरकवून म्हणाली, ‘आई, किती गोड केलंस, घशाला बसतंय.’ बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘तिला काय कळतंय!’

मी भरायला लागलो. आपल्याकडे जाड झालेल्या माणसाला जाड झाला म्हणत नाहीत. तब्येत सुधारली म्हणतात. पासष्ट किलोला सुधारली, सत्तरला छान सुधारली, पंच्याहत्तरला दृष्ट लागेल अशी सुधारली. सासूबाई आल्या त्या माझे गाल बघून लेकीला म्हणाल्या, ‘देवी पावली गं बाई.’ कचेरीत मला आता कोणी नुसतं आडनावानं हाक मारीना, मागे ‘साहेब’ लागलं. पोट सुटल्यावर हुद्दा वाढल्यासारखा होतो. आरशात मात्र मला माझी मान दिसत नव्हती. हनुवटीखाली वळ्या पडलेला एक अनोळखी इसम दिसायचा.

पँटी मी देवळाली गावातल्या एका टेलरकडून सैल करून आणायचो. शिवणीच्या आत कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. पहिल्या वर्षी त्यानं एक बोट माया उसवली, दुसऱ्या वर्षी उरलेली. तिसऱ्या वर्षी त्यानं पँट उलटी करून मला शिवण दाखवली. ‘आता माया संपली, साहेब. नवीन शिवा.’ मी त्याच्यावर उगाच चिडलो आणि पँट तशीच उचलून आणली.

स्टेशनवर वजनाचं यंत्र होतं. वर उभं राहायचं, नाणं टाकायचं, लाल-पिवळे दिवे लुकलुकायचे, चक्र फिरायचं आणि खट्कन पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. एकदा एक्क्याऐंशी किलोच्या मागे छापलं होतं की तुमच्या संयमाची लोक वाखाणणी करतील. मी ते तिकीट तिथंच फाडलं. यंत्रसुद्धा चेष्टा करायला लागलं होतं.

वजन उतरवायला काय काय केलं, ते ऐकून हसाल. सोमवार आणि शनिवार उपास धरले. एकादशी अन् दुप्पट खाशी, तसं झालं. साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, वर दुधात कालवलेलं केळं. सकाळी देवळाली कॅम्पाच्या रस्त्यानं फिरायला जायला लागलो. बरोबर तीन पेन्शनर होते. जाताना झपाझप जायचो आणि येताना एका हॉटेलात मिसळ घ्यायचो, मिसळीवर जिलबी, कारण तिखटावर गोड लागतंच. दोन महिन्यांत आणखी तीन किलो चढले.

मग एक दिवस जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकले म्हणून आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लघवी तपासली. नळीत निळं औषध घालून दिव्यावर उकळली आणि माझ्यासमोर धरली. निळी हिरवी झाली, हिरवी पिवळट झाली. विटकरी झाली नाही, एवढंच नशीब. ‘उंबऱ्यावर आहात,’ डॉक्टर म्हणाले. ‘आजपासून साखर बंद.’

मी आज्ञाधारक माणूस. साखर बंद म्हणजे साखर बंद. त्या दिवसापासून गुळाचा चहा सुरू केला. गूळ म्हणजे काही साखर नव्हे, गूळ औषधी असतो, बाळंतिणीला देतात. काकवी तर आणखी चांगली. खजूर रक्ताला चांगला. नाशकात राहून मनुका खायच्या नाहीत तर कुठं खायच्या? वाटीभर मनुका घेऊन मी संध्याकाळी गॅलरीत बसायचो आणि डॉक्टरांचा शब्द पाळल्याचं समाधान मानायचो. हे अज्ञान होतं असं मी आज म्हणू शकेन. पण थोडं अज्ञान होतं आणि बरीच लबाडी होती. पुन्हा तपासणीला गेलो तेव्हा नळीत विटकरी रंगाची छटा आली. डॉक्टरांनी काय काय खाता विचारलं, मी गूळ-काकवी सांगितली, त्यांनी कपाळावर हात मारला.

बायको माझ्यासोबत आली होती. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, ‘मी सोडलं ना गोड? काही होत नाही. सुटतं.’

ते मला फार लागलं. तिच्या जागी दुसरी असती तर तिनं हे वाक्य दर जेवणाला ऐकवलं असतं. हिनं पाच वर्षांत एकदा ऐकवलं, आणि तेही टोमणा म्हणून नव्हे, धीर द्यायला. तरीही मला तिचा राग आला. उपकार करणाऱ्याचा येतो तसला राग. वाटलं, हिला सांगायला काय जातंय? हिनं एकच सोडलंय. मला आधी सिगारेट सोडावी लागली आणि आता गोडही सोडायचं.

त्याच आठवड्यात कचेरीतला एक जुना सोबती चहाच्या टपरीवर सहज म्हणाला, ‘ओढायचास तेव्हा कसा काठीसारखा होतास रे!’ त्याच्या बोटांत सिगारेट होती. मी हात पुढे केला.

पहिल्या झुरक्याला चक्कर आली. दुसऱ्याला वाटलं, घरी आलो.

गोडाची ओढ खरंच कमी झाली. वजन उतरायला लागलं. वर्षभरात अकरा किलो गेले. नळीतला रंग हिरव्यावर आला. लोक पुन्हा कौतुक करायला लागले. ‘आधी सिगारेट सोडली, आता गोड सोडलं, कमाल आहे बुवा तुमची!’ मी मान खाली घालून हसायचो, लोकांना तो विनय वाटायचा. दिवसाला चार ओढायचो, कधी पाच, सगळ्या कचेरीच्या मागच्या बाजूला. मग लवंग चावायची, हात साबणानं धुवायचे, आणि सायकलवर वारा खात घरी.

नवसाचं काय, हा विचार मनात आला नाही असं नाही. रोज यायचा. मी त्याच्याशी वकिलासारखा भांडायचो. नवस सिगारेट सुटण्यासाठी होता. आता ती सुटलेली नाही, म्हणजे नवस लागू नाही, म्हणजे तिला गोड खायला हरकत नाही. फक्त हे तिला सांगायचं राहिलं होतं. एक वाक्य सांगायचं होतं. ते सांगितलं असतं तर तिला तिची साखर परत मिळाली असती आणि माझा निग्रह गेला असता. मला माझा निग्रह जास्त प्यारा होता. ती बिनसाखरेचा चहा घोट घोट पीत समोर बसायची, आणि मी पेपर वाचायचो.

अशी चार वर्षं गेली. चार दिवाळ्या तिनं लाडू वळले आणि चाखले नाहीत.

मुलीचा साखरपुडा आमच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये झाला. मुलगा अंबडच्या कारखान्यात इंजिनिअर, माणसं शहाणी, जावयाबद्दल बोलायला जागा नव्हती. हॉलच्या मागे पाण्याच्या टाकीआड जाऊन मी दोन ओढून आलो, गडबडीत लवंग राहिली. आत कार्यक्रम झाला. साखरेचा पुडा मुलीच्या हाती दिला, ओटी भरली. मग विहीणबाई उठल्या आणि पेढ्याचा तुकडा घेऊन माझ्या बायकोच्या तोंडापाशी आल्या.

‘घ्या विहीणबाई, तोंड गोड करा.’

बायकोनं हात जोडले. ‘राग मानू नका. मी गोड खात नाही.’

विहीणबाईंचा हात तसाच राहिला. मागच्या बायका कुजबुजायला लागल्या. साखरपुड्याला मुलीची आई गोड नको म्हणते म्हणजे काय? सोयरीक मनात नाही की काय? मुलीचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा सासूबाईंनी उठून खणखणीत आवाजात नवसाची सगळी गोष्ट सांगितली, गड, पायऱ्या, सिगारेट, सगळी. ‘नऊ वर्षं झाली,’ त्या म्हणाल्या. ‘जावयांनी पुन्हा हात लावला नाही आणि पोरीनं साखरेचा कण तोंडात घातला नाही.’

विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. व्याही उठून माझ्याजवळ आले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, ‘अशा घरातली मुलगी आमच्याकडे येतेय, आमचं भाग्य.’ मी श्वास रोखून उभा होतो. तोंड उघडलं असतं तर त्यांना वास आला असता.

मी हात धुवायच्या निमित्तानं मागे टाकीकडे गेलो. चूळ भरत होतो तेवढ्यात बायको आली. तिच्या मुठीत विड्याच्या तबकातले वेलदोडे होते.

‘हे चावा,’ ती म्हणाली. ‘वास येतोय. जेवायला त्यांच्या शेजारी बसायचंय तुम्हाला.’

पाणी माझ्या हातातच राहिलं. ‘कधीपासून माहीत आहे तुला?’

‘शर्ट कोण धुतं?’

मी म्हणालो, ‘मग तू कशाला पाळत बसलीस? तुला कळल्या दिवसापासून खायला मोकळीक होती. खायचंस ना.’

तिनं माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. आतून वाढप्यांचे आवाज येत होते, कोणीतरी तिला हाक मारत होतं.

‘मी खाल्लं असतं तर सगळ्यांना कळलं नसतं का, तुम्ही पुन्हा धरलीत म्हणून?’ ती म्हणाली आणि पदर खोचून आत गेली.

मी वेलदोडे चावले. आत जाऊन व्याह्यांच्या शेजारी बसलो. पानात श्रीखंड होतं. ते मला आग्रह करत होते, आणि समोरच्या पंगतीत ती बायकांना श्रीखंड वाढत होती.